मानेचा पट्टा

कंधारच्या एसटी स्टँडवर ती म्हातारी माझ्या शेजारी बसली होती. मानेला डॉक्टरांनी दिलेला कोरा पट्टा आणि डोक्यावर भलंमोठं गाठोडं. बाकावर ऐसपैस जागा होती, तरी गाठोडं डोक्यावरच!

मला शहाणपणा शिकवायची जुनी खोड. म्हणालो, "मावशी, पट्टा लावल्यावर वझं उचलायचं नसतं."

"तसं न्हाई बाबा," तीच मला समजावू लागली. "पट्ट्यानं मान जराबी हालत न्हाई. वझं लई मस्त बसतंय. हे आधीच भेटायला पायजे होतं."

मला हसू फुटलं, तीही बोळकं पसरून हसली. उभा जन्म तिने बांधकामावर विटा वाहिल्या होत्या. आता डोकं रिकामं असलं की चालताना तोल जातो म्हणे.

"मान कधीपासून दुखते?" मी विचारलं.

मान वळत नव्हती, म्हणून ती गाठोड्यासकट सगळीच वळली आणि समोरच्या दवाखान्याकडे बोट केलं.

"त्याच्या तिसऱ्या मजल्याला विटा चढवल्या, तवापासून. पट्टाबी तिथलाच हाय. आपण बांधलेला दवाखाना सोडून दुसरीकडं कशाला जाऊ?"