घोंगड्याचा कोपरा आणि गळकी फटफटी

खंडेनवमीचा दिवस, बेंबळीला आमचं अंगण, आणि मधोमध आमच्या मालकांची, म्हणजे नवऱ्याची, फटफटी... तेव्हा मोगलाई होती, म्हणजे निजामाचं राज्य. लगीन होऊन मला वर्षसुद्धा झालं नव्हतं.

फटफटी मालकांनी सोलापूरहून आणलेली, कुणा साहेबाची जुनी. दिसायला झोकात, पण गेअरच्या डब्यातनं तेल गाळायची. मी रोज सकाळी सारवायचं आणि हिनं त्यावर काळा डाग पाडून ठेवायचा.

जर्मनच्या लढाईमुळं गेअरचं तेल मिळत नव्हतं. मालक त्यात एरंडेल ओतायचे, ते पण गळून जायचं... मग उताणे पडून खालचा बोल्ट आवळत बसायचे. त्या बोल्टाला तोंड असतं तर त्यानं शिव्या घातल्या असत्या.

अशात माझ्या माहेरून, लोहाऱ्याहून, निरोप आला. आई अंथरुणावर पडलीय, तुझी आठवण काढते... आमचे बैल रब्बीच्या पेरणीला जुंपलेले. राहिली ही फटफटी.

सासऱ्यांनी मालकांना सरळ सांगितलं, "तेल संपून मधीच गेअर अडकला तर पोरीला माळावर बसवतोस का? ज्या दिवशी ही अंगणात गाळायची थांबंल, त्या दिवशी जावा." बोलणं कडू होतं, पण खोटं नव्हतं. मी चुलीपुढं बसून ऐकलं. धुरानं डोळ्यात पाणी येतं, ही एक सोय असते बघा.

तर खंडेनवमी. त्या दिवशी घरातलं नांगर, विळा, तराजू सगळं धुऊन हळदकुंकू लावायचं. फटफटी माझ्या वाटणीला आली. मी राखेनं घासून तिचं सगळं ओशट काढलं, कोरडी केली आणि गेअरच्या डब्यावर हळद भुरभुरली. बये, एवढं गळणं थांबव म्हणत जरा जास्तच भुरभुरली...

सासूबाई बघतच राहिल्या. "चिमूटभर लावायची गं! नवरदेव हाय का तो?"

पूजा झाली. मालकांनी किक मारून फटफटी चालू ठेवली आणि नारळ फोडला. मी बघते तर हळदीवर एक ओली रेघ उतरायला लागलेली. वरनं, जिथनं गेअरचा फिरता दांडा डब्याबाहेर येतो तिथनं निघून, डब्याच्या पोटावरनं खाली... आणि थेंब लोंबायचा त्या बोल्टाच्या टोकाला. बोल्ट बिचारा इतके दिवस उगाच मार खात होता.

मालकांनी फटफटी बंद केली आणि पुन्हा पाना घेऊन खाली निजले.

आता सांगायचं कसं? थोरल्यांच्या देखत नवऱ्याशी बोलायची रीत नव्हती. नाव घेणं तर लांबच. नातसुनांनो, हसू नका... रीत म्हणजे रीत.

कडेला वासरू बांधलेलं होतं. मी त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"वासरा, लोकं खाली काय शोधत्यात रं? तेल वरनं येतंय. हळदीवर रेघ पडलीय. ज्याला डोळं असतील त्यानं बघावं."

सासरे खाकरले. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही...

सासरे म्हणाले, "अरं ऊठ की! वासराला कळलं, तुला कवा कळायचं?"

मालक उठले. रेघेवर बोट ठेवून वर वर नेत दांड्यापाशी थांबले. मग माझ्याकडं न बघता हसले... मला पाठीवरनं कळलं.

उघडून बघितलं तर दांड्याभोवतीची, तेल अडवणारी नमद्याची चकती झिजून भुगा झालेली. लोकर दाबून केलेला दाट नमदा, तो आणायचा कुठनं? मालक डोकं धरून बसले. मी आत गेले. आईनं पाठवणीत दिलेलं तिचं स्वतःचं घोंगडं होतं, वापरून वापरून लोकर नमद्यासारखी घट्ट बसलेली. घोंगडं आणि कात्री आणून वासराच्या पाठीवर ठेवली.

मालकांनी घोंगडं हातात घेतलं, खाली ठेवलं, पुन्हा घेतलं. त्यांना माहीत होतं ते कुणाचं आहे. मग अगदी कडेचा कोपरा कापला, तोही हळूच, जसं काही त्याला दुखणार होतं. चकती वितळलेल्या मेणात बुडवून बसवली. एरंडेल भरलं. मी फटफटीखालची जमीन नव्यानं सारवली.

दसऱ्याला सकाळी सासरे फटफटीखाली वाकले. जमिनीवर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. "जावा," म्हणाले.

गावाबाहेर पडेपर्यंत मी तोंडावर पदर घेतलेला. पुढं वाऱ्यानं तो कधी उडाला ते आठवत नाही... घोंगडं पांघरून, सीटमागची कडी घट्ट धरून, लोहाऱ्याला पोचले.

माझे भाऊ पाय धुवायला पाणी घेऊन आले. मालकांनी पाण्याकडं बघितलं नाही. आधी गुडघ्यावर बसून डब्याखाली हात फिरवला. मग सगळ्यांच्या देखत, भर उन्हात, माझ्याकडं बघून म्हणाले, "कोरडं हाय."

दिवसाउजेडी, चारचौघांत, ते माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

आईला धरून बसवलं. तिचा हात घोंगड्यावरनं फिरता फिरता कापलेल्या जागी थांबला. "उंदरानं खाल्लं का गं?"

"न्हाय आई. त्या कोपऱ्यानंच मला इथवर आणलं." मग सगळं सांगितलं.

आईनं घोंगड्याचा दुसरा कोपरा माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "तीन कोपरं हायती अजून. कापायला मागं बघू नको."

संक्रांतीपर्यंत होती आई. तोवर लोहाऱ्याला इतक्या फेऱ्या झाल्या की चकती झिजून दुसरा कोपराही गेला.

मालकांनी पुढं जन्मभर गोड असं काही बोलून दाखवलं नाही, मीही मागितलं नाही. पण संसारात काही बिनसलं की मला ते दोन शब्द, 'कोरडं हाय', आठवायचे... आणि आईच्या घोंगड्याचे, सासऱ्यांच्या त्या खाकरण्याचे आणि वासराचेसुद्धा मी मनात उपकार मानायची.