सतरावी निळी फिल्म

आमच्या आत्याला जड वस्तूंचा मनापासून राग आहे. घरातल्या लोखंडी खुर्चीला ती गेली वीस वर्षं टोमणे मारते आहे: "बसायला एक माणूस, उचलायला दोन." तिचं काम नेमकं उलट. कार्बनच्या धाग्यांचं कापड साच्यात थरावर थर बसवायचं, भट्टीत भाजायचं आणि अशी तुळई बाहेर काढायची, की जी चार माणसांनी खांद्यावरून न्यावी आणि नंतर शंभर माणसांनी तिच्यावरून निवांत चालत जावं.

खरं तर अकरा वर्षं ती कारखान्यात नुसतं कापड कापत होती. त्याआधी घरी शिवणकाम. साच्याला हात लावायची पाळी यंदा पहिल्यांदा आली. कालव्यावर पादचारी पूल व्हायचा होता आणि तिथल्या गल्लीत क्रेन शिरत नव्हती. म्हणजे तुळई हलकीच हवी.

"आत्याबाई, ही तुमच्या हातची," इंजिनियर म्हणाला. वयाने तो तिच्या मुलाएवढा, पण कारखान्यात ती सगळ्यांचीच आत्या. "जमली तर यापुढे साचा तुमचा. नाही जमली, तर…"

"तर कात्री कुठे पळून जात नाही. माहितीये मला."

या कापडात रेझिन, म्हणजे भट्टीत कडक होणारा एक डिंक, आधीच मुरवलेला असतो. फ्रीजरमधून काढलं की ते चिकट होतं, म्हणून प्रत्येक तुकड्याच्या पाठीला निळी प्लास्टिक फिल्म लावलेली असते. थर बसवायचा, दाबायचा, फिल्म सोलायची, मग पुढचा थर. एक जरी फिल्म आत राहिली, तरी वरचा थर खालच्याला धरत नाही. तुळई दिसते झकास, आणि एक दिवस मधूनच उकलते.

आत्या हे नव्या पोरींना असं समजावते: "नवरा-बायकोच्या मध्ये सासूबाई येऊन बसल्या समजा. बाहेरून संसार छान."

म्हणून प्रत्येक फिल्मवर आकडा असतो. सोललेली फिल्म दोरीवर चिमट्याला लावायची. थर चोवीस, तर दोरीवर फिल्म चोवीस. त्याशिवाय भट्टीचं दार उघडायचं नाही.

त्या दिवशी आत्या चष्मा घरी विसरली. दुपारी आतोबा तो घेऊन सायकलवरून आले. साच्याच्या खोलीच्या दारात एक चिकट चटई असते, बुटांची धूळ तिला चिकटावी म्हणून. आतोबांना वाटलं, कुणीतरी काहीतरी सांडून ठेवलंय. त्यांनी पँट वर धरली आणि टुणकन उडी मारून आत आले.

"अहो, तिच्यावर पाय द्यायचा असतो," आत्या म्हणाली.

"आणि बूट खराब करायचे? नवीन आहेत." चष्मा देऊन ते तशीच उडी मारून गेले.

तीन वाजता शेवटचा थर बसला. आत्याने दोरीवरच्या फिल्म मोजल्या. तेवीस. चष्मा पुसून पुन्हा मोजल्या. तेवीसच. सतरा नंबर नव्हता.

"एकमिनिट, इकडे ये," तिने हाक मारली. एकमिनिट म्हणजे तिची जोडीदारीण. काहीही सांगितलं की ती आधी 'एक मिनिट' म्हणते, म्हणून हे नाव.

"एक मिनिट," ती म्हणाली, आणि आली. मग तिनेही मोजल्या. तेवीसच.

इंजिनियर धावत आला. "पडली असेल इथेच कुठेतरी."

"असेल. पण 'असेल'वर मी माणसं चालवणार नाही."

"भट्टी आपल्याला चारलाच मिळालीये. चुकली तर थेट परवा. तोवर रेझिन बाहेरच घट्ट होऊन कापड वाया जाईल."

"मग जाईल."

"वरचे सात थर सोलून बघू या?"

"सोलले तर धागे वाकडे होतील. तेही वायाच. शोधा."

मग जी शोधाशोध झाली ती बघण्यासारखी होती. ही फिल्म अंगाला चिकटते, त्यामुळे सगळ्यांना गोल गोल फिरवून पाठी तपासल्या. कचऱ्याचा डबा जमिनीवर पालथा झाला. इंजिनियरने स्वतःचे खिसे उलटे केले, आणि त्यातून तीन आठवड्यांपूर्वी हरवलेला एकमिनिटचा मार्कर निघाला. तो एक वेगळाच खटला होता. आत्याने तो पुढे ढकलला.

साडेतीनला तिची नजर चटईवर गेली. सगळ्यांचे ठसे होते. नव्या बुटांचा एकही नव्हता.

तिने घरी फोन लावला. "अहो, तुमच्या बुटाखाली काही चिकटलं होतं का?"

"निळं? होतं की. फार छान प्लास्टिक आहे. धुतलं, पुसलं."

"कुठाय?"

"टीव्हीच्या रिमोटला घातलं. आता बटणं खराब नाही होणार."

"घेऊन या."

"अगं, पण मॅच चालू आहे."

"रिमोटसकट या."

पावणेचारला आतोबा हजर. या वेळी त्यांना दोघांनी धरून चटईवर उभं केलं. आत्याने रिमोटचं कव्हर सोडवून टेबलावर पसरलं. अर्धीच फिल्म.

"बाकीची?"

"सायकलच्या सीटला."

सीट सोलली. दोन्ही तुकडे कडेला कड लावून जुळवले. एका कोपऱ्यात तळहाताएवढी जागा रिकामी. आकडा नेमका त्याच कोपऱ्यात असतो.

"आतोबा," इंजिनियर अगदी मऊ आवाजात म्हणाला, "तो कोपरा कुठाय?"

"शेजारीणबाईंना दिला. त्यांच्याही रिमोटची बटणं पुसली गेलीत हो."

फोन झाला. चारला चार मिनिटं कमी असताना शेजारीणबाई रिक्षातून उतरल्या, हातात रिमोट. "माझी मालिका बुडाली. पूल तरी दाखवा," त्या म्हणाल्या. आणि चटईवर न सांगता दोन्ही पाय दाबून उभ्या राहिल्या. आत्याने आतोबांकडे फक्त पाहिलं.

कोपरा सुटला. शाईचा आकडा अर्धवट पुसला होता, पण सतराच होता. तिन्ही तुकडे चिकटपट्टीने जोडून आत्याने फिल्म चोविसाव्या चिमट्याला लावली. मग एकदा सगळ्या मोजल्या. मग एकमिनिटला मोजायला लावल्या.

"घाला भट्टीत."

दुसऱ्या दिवशी तुळई साच्यातून निघाली. आत्या एक नाणं घेऊन तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत टकटक करत गेली. आत कुठे थर सुटला असेल तर आवाज बसका येतो. सतराव्या थराच्या नावाने ती एक फेरी जास्तच चालली. सगळीकडे एकच आवाज, स्वच्छ.

वजनाची परीक्षा अंगणात होती. वाळूच्या गोण्या चढत गेल्या. आत्या बघायला गेलीच नाही. साचा पुसत बसली, तोही पुसून झाला तरी पुसत राहिली.

इंजिनियर कागद हलवत धावत आला आणि घाईत चटईवरून उडी मारून थेट आत. "आत्याबाई, नऊ मिलिमीटर वाकायला परवानगी होती. सहाच…"

"साहेब," आत्या म्हणाली, "आधी चटई."

तो मागे गेला. दोन्ही पाय दाबून चटईवर उभा राहिला. मग म्हणाला, "साचा तुमचा."