बाक उचलायला दोघं लागतात

आमच्याकडे त्यांना सगळे बाकबाई म्हणतात. अगदी तोंडावरसुद्धा. त्यांना त्याचा राग नाही. म्हणतात, "बाकावर उभं करण्यापेक्षा बरं."

पुढची गल्ली आणि मागची गल्ली यांना जोडणारा एक बोळ आहे. बोळाच्या पुढच्या तोंडाशी त्यांची खोली. मधोमध झिजलेला फळा, एक ट्यूबलाइट, आणि एका शाळेनं मोडीत काढलेले लाकडी बाक. संध्याकाळी इथे बायकांचा वर्ग भरतो. वर्ग सुटला की बाक मागच्या पडवीत रचतात, कारण सकाळी खोलीत बालवाडी असते. बाक जड आहेत, एकट्यानं हलत नाहीत. बाईंचा नियम एकच : दुसरं टोक दुसऱ्या गल्लीच्या माणसानं धरायचं.

मी वर्गात बाईंच्या हाताखाली शिकवते. साहित्य शिकले, म्हणून मला यात मोठा अर्थ दिसला. बाई म्हणाल्या, "अर्थबिर्थ काही नाही गं. माझी कंबर धरली होती."

तेव्हा त्या बालवाडीच्या तरुण शिक्षिका होत्या आणि दोन गल्ल्यांमधून विस्तव जात नव्हता. मुलांना न्यायला आलेल्या आयांना त्यांनी बाक उचलायला लावले, मग त्याच बाकांवर बसवून अक्षरं शिकवली. त्यातली एक आज परिचारिका आहे, एक शहरातली बस चालवते. दहा-बारा वस्त्यांमधल्या बायका बाईंकडे भांडण सोडवायला शिकून गेल्या. बाईंचे यजमान मात्र म्हणतात, "आमच्या घरात बाक नाही, त्यामुळे आमचं कधीच मिटत नाही."

गेल्या वर्षी बोळात स्कूटर लावण्यावरून जुंपली. दगड आले. मागच्या गल्लीत राहणाऱ्या गवंड्याच्या आईच्या कपाळाला टाके पडले. दगड पुढच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्या वहिनींच्या मुलाचा होता. दोन्ही गल्ल्यांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं : बोळात भिंत घालायची. बांधणार गवंडीच. विटाही येऊन पडल्या. भिंत झाली की मागच्या बायकांना वर्गाला यायला दारूच्या दुकानावरून वळसा. घरचे पाठवणार नाहीत, हे उघड होतं. गवंड्याची बायकोही वर्गात होती. बाईंचा अर्धा वर्ग जाणार होता.

बाईंनी रविवारी सकाळी दोन्ही गल्ल्यांना बोलावलं. वर्ग चालवणाऱ्या संस्थेतून एक साहेब आले. भला माणूस. बाईंना त्रास नको म्हणून त्यांनी भाड्याच्या खुर्च्या मांडून घेतल्या, समोरासमोर, मधे वाट सोडून. लोक आले आणि आपापल्या बाजूला बसले. हाताची घडी घालून.

बाई दारातच थांबल्या. "खुर्च्या कोणी मांडल्या?"

"मीच, मॅडम."

"छान मांडल्यात. आता उचला. पडवीतले बाक आणायचेत."

"अहो, सगळे बसलेत—"

"बसलेत कुठे? मोर्चे बांधलेत."

कुरकुर झाली. कोणी म्हणालं, या वयात हमाली! बाई गवंड्याकडे वळल्या. "विटा उचलता ना? मग बाकाला काय काटे आहेत?"

गवंडी पडवीत गेला. तोवर बाकीच्यांनी शहाणपणानं जोड्या जमवल्या होत्या. उरल्या इस्त्रीवाल्या वहिनी. त्यांनी मुकाट्यानं दुसरं टोक धरलं. दारात बाक अडकला.

"आडवा करा," वहिनी म्हणाल्या.

"आडवाच आहे."

"कुशीवर हो! भिंती बांधता आणि दार कळत नाही?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. गवंड्यानं बाक कुशीवर केला. मग तो म्हणाला, "टोक वर घ्या. अजून थोडं. पाय सांभाळा, वहिनी."

वहिनी. दगडानंतर त्यानं त्यांना पहिल्यांदाच हाक मारली होती. ती सगळ्यांनी ऐकली.

बाक टेकला आणि दोघं त्याच बाकावर बसली. दुसरीकडे जागाच नव्हती.

बाईंनी भाषण केलं नाही. गवंड्याला एवढंच विचारलं, "आईंचे टाके निघाले?"

"निघाले. खूण राहिली."

वहिनी समोर बघत म्हणाल्या, "मी आले होते तुमच्या दारापर्यंत. तोंड नव्हतं, परत गेले."

गवंडी म्हणाला, "आई विचारते. म्हणते, इस्त्रीवालीनं टाकलंच का आपल्याला?"

वहिनींनी पदर तोंडाला लावला. "मुलाला आणते माफी मागायला. कान धरून."

"कान मी धरतो. तुमची पकड सैल आहे, म्हणून तर ही वेळ आली."

यावर दोन्ही गल्ल्या हसल्या. पुढे तासभर आरडाओरडा झाला, स्कूटरवरून, पोरांवरून, जुन्या उखाळ्यापाखाळ्यांवरून. पण आता शेजारच्याच्या कानात ओरडावं लागत होतं, त्यामुळे आवाज आपोआप उतरला. शेवटी ठरलं : स्कूटर बोळाबाहेर, भिंत नाही.

"आणि माझ्या विटांचं काय?" गवंड्यानं विचारलं.

"ते तुमचं तुम्ही बघा," बाई म्हणाल्या. "मी भांडणं मिटवते, विटा नाही."

साहेब खुर्च्या टेम्पोत चढवत होते. बाईंनी त्यांना पाणी दिलं.

"भीती नाही वाटली?" मी बाईंना विचारलं.

"वाटली ना. वर्ग गेला असता."

सोमवारी संध्याकाळी बाई फळ्यावर तारीख लिहीत होत्या. बोळातून बायकांचा गलका ऐकू आला. मागच्या गल्लीतल्या सगळ्या येत होत्या, सर्वांत पुढे गवंड्याची बायको. बाई वळल्या नाहीत. खडू हातात तसाच धरून क्षणभर उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "या. उशीर झालाय. परवाचा धडा कुठवर आला होता?"

मला ठाऊक होतं. पण गवंड्याच्या बायकोनंच सांगितलं.