विकलेल्या घरातली वर्षं

मांडवीला हरिश्चंद्र तांडेलाचं घर विचारलं की कुणीही हात करून दाखवायचं. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, पुढे सारवलेलं खळं, म्हणजे अंगण, आणि खळ्यापलीकडे चार माड. घर वाडवडिलांचं नव्हतं, त्याने स्वतः बांधलेलं होतं. हरिश्चंद्र शिवलकराचा जन्म फत्तेमारीवर, मालवाहू शिडाच्या गलबतावर, गेला. आधी तो खलाशी होता, मग गलबत चालवणारा तांडेल झाला. कौलं भरून गलबत मंगळूरहून मुंबईला निघालं आणि वाटेत रत्नागिरीच्या बंदराला लागलं, की शेठला सांगून, पगारात कापून घेऊन, तो थोडी थोडी कौलं उतरवून ठेवायचा. घरावर तेव्हा गवत होतं आणि परसात कौलांचा ढीग वाढत होता. लोक हसायचे. त्याची बायको गंगा त्या ढिगावर पापड वाळत घालायची. शेवटी एकदाची कौलं चढली. त्या पावसाळ्यात घरात थेंब आला नाही, तर गंगेलाच चुकल्याचुकल्यासारखं झालं. पाऊस लागला की जागोजाग भांडी मांडायची तिच्या हातांना सवय होती.

एकोणीसशे एकतीस सालची नारळी पुनव झाली. गलबतं पुन्हा पाण्यात उतरत होती आणि हरिश्चंद्र किनाऱ्यावर दोराला हात घालता घालता खाली बसला. त्याचं उजवं अंग गेलं. जीभ जड झाली. चार माणसांनी त्याला उचलून आणलं तेव्हा तो गंगेकडे बघून हसायचा प्रयत्न करत होता, आणि तोंड एकाच बाजूने हलत होतं.

त्यांना एकच मुलगी, कमळा. ती लांज्याला दिलेली, जावयाचं छोटं किराणा दुकान. ती धावत आली, महिनाभर राहिली, आणि जाताना म्हणाली, "बाबांना घेऊन लांज्याला चल."

"लांज्यात समुद्र न्हाय," हरिश्चंद्र म्हणाला. तेवढंच त्याला स्पष्ट बोलता आलं.

वर्षभरात वैद्य झाले, डॉक्टर झाले, तेलं झाली. गाठीचं संपलं. गंगेच्या हातातल्या पाटल्या गेल्या. माणूस सुधारत होता, जीभ सुटी झाली होती, काठी धरून ओटीपर्यंत यायला लागला होता, पण कमवणार कोण? उरलं होतं ते घर. घर विकावं तर जावं कुठे, आणि ठेवावं तर खावं काय, या विचाराने गंगेचं डोकं शिणून गेलं.

अशात काशीराम आला. हा काशीराम पूर्वी हरिश्चंद्राच्या हाताखाली खलाशी होता. पुढे आखातात बसऱ्याच्या बंदरात नोकरीला गेला, पैसा बाळगून परत आला. तरी तांडेलासमोर अजून ओटीच्या खालच्या पायरीवर बसायचा. त्या दिवशीही तिथेच बसून त्याने विषय काढला.

"तांडेल, मला घर घ्यायचा हाय. तुमचा घर मला द्या. पण तुम्ही हयसून हलायचा न्हाय. जसे हाव तसे ऱ्हावा."

हरिश्चंद्राने काठी भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाला, "भाडं किती घेशील?"

"तुमच्याकडना भाडं?"

"फुकट ऱ्हायलो तर आश्रित झालो. भाडं दिला तर भाडेकरू. भाडं ठरव, मगच पुढचा बोल."

काशीरामाने गंगेकडे पाहिलं. गंगेने मान हलवली. नवऱ्याला ती ओळखून होती.

खरेदीखत झालं, त्याच दिवशी भाडेचिठ्ठी झाली. कचेरीतून बैलगाडीने परतताना हरिश्चंद्र हसून म्हणाला, "सकाळी मालक म्हणून गेलो, दुपारी भाडेकरू म्हणून आलो. चूल मात्र तीच." गंगेलाही हसू आलं. घरी येऊन तिने भात टाकला, आणि तांदूळ धुता धुता तिला रडू कोसळलं. कशाचं ते तिचं तिलाच कळेना. भिंती त्याच होत्या, भांडी त्याच फळीवर होती.

त्या पैशावर मात्र दिवस चांगले गेले. औषधपाणी झालं, घरात मासळी येऊ लागली, कमळेच्या बाळंतपणाला हात सैल सोडता आला. हरिश्चंद्र काठी टेकत खळ्यापर्यंत आला, मग माडांपर्यंत. संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून बसायचा आणि शिडावरून गलबत ओळखायचा. घर विकलं म्हणून नवरा उभा राहिला, हे गंगा शेजारणींना स्वतःहून सांगायची. तिला त्याची लाज नव्हती.

पण एक गोष्ट तिच्या डोळ्यांतून सुटली नाही. काशीराम भाडं न्यायला आला की हरिश्चंद्र उठायला बघायचा. काठी चाचपायचा, डावा हात भिंतीला लावायचा आणि धडपडत अर्धा उभा राहायचा. ज्या पोराला त्याने दोराची गाठ शिकवली, चुकला तर शिव्या दिल्या, त्याच्यासमोर.

"तांडेल, बसा हो," काशीराम कळवळून म्हणायचा.

"मालक आल्यावर उठायचं असतं."

हे चार-सहा वेळा झालं आणि काशीरामाने येणंच सोडलं. भाडं न्यायला त्याची बायको तुळसा येऊ लागली. तुळसा वाईट नव्हती. पण तिने तांडेलाला गलबतावर पाहिलं नव्हतं. तिने पाहिलं ते एक लुळं म्हातारं आणि आपलं घर. ती आली की भिंतीवरून हात फिरवायची, कौलं मोजल्यासारखी वर बघायची. फणसाच्या दिवसांत एकदा म्हणाली, "वैनी, फणस काढाल ते इचारून काढा हां. झाड आमचा हाय ना." ते झाड गंगेने लावलेलं होतं. ती "बरं" म्हणाली. उरलेले फणस तिने उतरवून घेतले आणि तुळसेकडे पाठवून दिले. हरिश्चंद्राला सांगितलं, यंदा फणस किडले.

चार वर्षं गेली. एकोणीसशे छत्तीसच्या चैत्रात काशीरामाच्या मुलाचं लग्न ठरलं. राजापूरची मुलगी होती. काशीरामाचं राहतं घर दाटीत, म्हणून मांडव या घराच्या खळ्यात घालायचा आणि पुढे नव्या जोडप्याने अर्ध्या घरात राहायचं, असं ठरलं. हरिश्चंद्राने आनंदाने होकार दिला. वासे आले, झावळ्या आल्या. आणि मांडव उभा राहत असतानाच त्याला दुसरा झटका आला.

दोन दिवस तो माजघरात पडून होता. शुद्ध होती, शब्द तुटत होते. तिसऱ्या दिवशी तुळसा आली, गंगेला परसात घेऊन गेली आणि हलक्या आवाजात बोलली, "वैनी, रागावू नका. उद्यापासून पंचक लागतंय. भटजींना इचारला मी. पंचकात माणूस गेला तर घर कित्येक महिने बंद ठेवायला लागता. माजा मांडव उभा हाय. सोयरे निघायच्या बेतात हाईत. त्यांना न्हेता आला लांज्याला, तर बघा."

गंगा म्हणाली, "गाडीत जीव जाईल त्यांचा."

"मग मी काय करू, सांगा," तुळसा म्हणाली, आणि तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. लग्न मोडलं तर मुलाचं काय होईल ही तिची भीती खोटी नव्हती.

काशीराम खळ्यात मान खाली घालून उभा होता. गंगा त्याच्यापाशी गेली. "तू काय म्हणतोस?"

"वैनी, मी काय म्हणू? मरूंदे ता लग्न." पण ते म्हणताना त्याने मांडवाकडे पाहिलं. ते गंगेला दिसलं.

आतून काठी आपटल्याचा आवाज आला. परसदार उघडंच होतं. हरिश्चंद्राने सगळं ऐकलं होतं. गंगा जवळ बसली तेव्हा तो एकेक शब्द ओढून बोलला, "मांगरात न्हे मला."

मांगर म्हणजे किनाऱ्यावरची दोर, शिडं आणि वल्ही ठेवायची झापांची झोपडी.

"अवो, घर सोडून मांगरात?"

"अगो, घर त्याचा हाय. मांडव त्याचा. माज्यापायी त्याच्या पोराचा लगीन मोडाया नको." थोडं थांबून म्हणाला, "थयसून पाणी दिसता."

गंगेला नाही म्हणता आलं असतं. भाडं चुकलेलं नव्हतं, भाडेचिठ्ठी होती, तिला बाहेर काढायचा कुणाला हक्क नव्हता. पुढे कितीतरी वर्षं ती हेच मनाशी घोळवत राहिली. पण त्या वेळी तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि उठून गोधडीची घडी घातली.

काशीरामाने त्याला पाठुंगळी घेतलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मांडवाखालून जाताना हरिश्चंद्राने मान उचलून घराकडे पाहिलं की नाही, ते मागून चालणाऱ्या गंगेला दिसलं नाही. वाळूत काशीरामाचे पाय रुतत होते आणि तो रडत होता, मोठ्याने, लहान मुलासारखा.

हरिश्चंद्र दुसऱ्या दिवशी भरतीच्या वेळी गेला. गंगेने त्याच्या तोंडात पाणी घातलं तेव्हा समोर एक गलबत बंदराकडे वळत होतं. त्याने डोळ्यांनी विचारलं, कुणाचं? गंगेला गलबतं ओळखता येत नव्हती. ती म्हणाली, "आपलाच हाय."

लग्न ठरल्या दिवशी झालं. वाजंत्री मांगरापर्यंत ऐकू आली. तेरावा उरकल्यावर काशीराम आला आणि मांगराच्या दाराबाहेर उभा राहिला.

"वैनी, घरात चला. भाडं नको, काय नको. मरेपर्यंत ऱ्हावा."

"तू वाईट नाहीस, काशीराम," गंगा म्हणाली. "तुळसाही वाईट न्हाय. पण ज्या घरात त्यांना मरता आला न्हाय, त्या घरात मी जेवू कशी?"

काशीराम वाळूतून परत गेला. 

गंगा लांज्याला मुलीकडे गेली. जावयाने ठेवून घेतलं, पण तिने दुकानामागची खोली वेगळी मागून घेतली आणि तिचं भाडं जावयाच्या हातावर ठेवू लागली. त्यासाठी शेजारच्या बायकांबरोबर काजू फोडायची. चिकाने बोटांची सालं निघायची. कमळा रागवायची, "आईकडना कोण भाडं घेतो? लोक काय म्हणतील?"

"घेऊंदे," गंगा म्हणायची. "मला बरा वाटता."

रत्नागिरीहून कुणी आलं की ती आधी मासळीचा भाव विचारायची, मग कोणाकोणाची गलबतं अजून चालतात ते. मांडवीच्या घराचं तिने कधी विचारलं नाही. सांगणाऱ्यांनीही आपणहून सांगितलं नाही.