पाळकाचा आमेन

प्रार्थना चालू असताना कुणी मध्ये बोलायचं नाही, हा आमच्या मंडळीतला नियम मीच घालून दिलेला आहे. डोळे मिटलेले, माना खाली आणि समोरचा माणूस देवाशी बोलतोय. तिथं आपलं काय काम? नियम चांगलाच आहे. फक्त तो करताना मी माझ्या बायकोचा विचार केला नव्हता.

मिशनरी म्हटलं की लोकांना अजूनही गोरा साहेब आठवतो. मी नांदेडचा, रंगानं पक्का मराठवाड्याचा, मिशनच्या आवारात चिंचा पाडत वाढलेला. मला कर्मठ म्हणतात आणि मला त्याचा राग येत नाही. तंबाखू नाही, सिनेमा नाही, रविवारी बाजार नाही. घरात आणि मंडळीत पुढारपण पुरुषानं करावं, असं मी शास्त्रातून शिकलो आणि तसंच शिकवत आलो. राजकारणाला तर मी चपलांच्या पलीकडे कधी येऊ दिलं नाही. निवडणूक आली की जीप येते, पांढऱ्या कपड्यातले पुढारी उतरतात आणि म्हणतात, "पाळकसाहेब, मंडळीशी दोन शब्द बोलतो." मी म्हणतो, "दोनच असतील तर ‘प्रभू, क्षमा’ म्हणा. गुडघ्यावर या, सतरंजी घातलेली हाय." आजवर एकही टेकला नाही.

निलंगा तालुक्यातल्या या गावात आम्ही आलो ते भूकंपानंतर, ब्लँकेटांच्या ट्रकसोबत. महिनाभरात परत जाऊ असं सांगून बायकोलाही सोबत आणलं होतं. जुनं गाव दगडमातीचा ढीग झालं होतं. नवं गाव थोडं लांब, माळावर वसलं, एकासारखी एक घरं, आखलेल्या रांगा. पहिल्या वर्षी माणसं बिनदिक्कत दुसऱ्याच्या घरात शिरून चूल कुठं गेली म्हणून विचारायची. पण स्लॅबखाली झोपायला कुणी तयार नव्हतं. ब्लँकेटांसाठी उभारलेलं आमचं पत्र्याचं शेड मात्र सगळ्यांना पसंत पडलं. पत्रा अंगावर आला तरी माणूस वाचतं, असं म्हणत बायाबापड्या तिथं पथाऱ्या टाकायच्या. शेतकरी घरातल्या, मुसलमानांच्या, आमच्या दोन-चार ख्रिस्ती घरांतल्या, सगळ्या एका ओळीत. झोपण्याआधी माझी बायको प्रार्थना करायची. पुढं भीती गेली, माणसं आपापल्या घरात झोपायला लागली, शेडचं चर्च झालं. तरी त्या बायांची संध्याकाळच्या प्रार्थनेला येऊन बसायची सवय काही सुटली नाही. धर्म ज्याचा त्याच्यापाशी राहिला. शिवाय प्रार्थनेनंतर केळी मिळायची. बायको अर्धापूरकडची, केळीच्या मळ्यात वाढलेली. तिचे भाऊ एसटीच्या टपावरून घड पाठवायचे.

शेजारी चुडीवाली राहायची. टोपलीत बांगड्या घेऊन गावोगाव फिरणारी मुसलमान बाई, जिभेला धार आणि मनानं लोणी. तिची मुलगी आणि आमची मुलगी भूकंपाच्या सालातल्या, एकाच तंबूत जन्मलेल्या. दोघी एका पाटीवर शिकल्या, दोघी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाल्या. तोवर लातूर बदललं होतं. जिकडं पाहावं तिकडं क्लासचे बोर्ड, पहिल्या आलेल्या पोरांचे भिंतीएवढे फोटो, खोल्या भाड्यानं देऊन सुखी झालेले घरमालक. गावातली पोरं लातूरला खोल्या करून राहायला लागली, डॉक्टर-इंजिनियर व्हायची भाषा करायला लागली. पोरी मात्र घरीच. बस फाट्यावर थांबायची, आणि फाट्यापर्यंतचा रस्ता दोन्ही बाजूंनी उसाचा. त्या रस्त्यानं पहाटे आणि अंधार पडल्यावर पोरीला कोण पाठवणार? बस गावात यावी म्हणून ग्रामपंचायतीचा ठराव लागायचा, आणि तो दरवर्षी पुढच्या वर्षावर जायचा. फाट्यावरच्या काळ्यापिवळ्या जीपा जुन्या सरपंचांच्या भावकीच्या होत्या, एवढं सांगितलं की पुरे.

आमची मुलगी नांदेडला माझ्या बहिणीकडे राहून शिकेल, असं मी ठरवून टाकलं. माझा प्रश्न सुटला. बायकोचा सुटला नाही. कारण चुडीवालीच्या मुलीचं ठरत होतं ते वेगळंच. उदगीरचं एक स्थळ आलं होतं. मुलीचा बाप म्हणाला, एक वर्ष घरी बसू दे, पुढच्या जूनपर्यंत शिकायची सोय झाली नाही तर मंगनी करून टाकू. पोरगी गणितात इतकी हुशार, की आमच्या मुलीची गणितं तीच सोडवायची. बातमी कळली त्या दिवशी दोन्ही पोरी आमच्या ओट्यावर अंधार पडेपर्यंत बसून राहिल्या.

त्याच सुमाराला निवडणूक लागली, आणि सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं. जुन्या सरपंचांनी लगेच आपल्या बायकोला उभं केलं. बॅनरवर त्यांचा फोटो मोठा आणि बिचारीचा कोपऱ्यात. चुडीवाली आमच्या दारात येऊन बसली. माझ्या बायकोला ती बाजी म्हणायची, म्हणजे मोठी बहीण. "पाद्रीसाब, बाजीला उभं करा ना. सगळ्या बाया तेच म्हणून राहिल्या."

मी म्हणालो, "पाळकाच्या घरात राजकारण न्हाई."

बायको हसून चहा टाकायला आत गेली. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

आमच्यात एक रीत आहे, बाहेरच्याला ती चटकन कळायची नाही. जे नवऱ्याला, सासूला, पंचांना तोंडावर सांगता येत नाही, ते माणसं प्रार्थनेत देवाला सांगतात, जरा मोठ्यानं. "प्रभू, आमच्या घरातल्या काहींना वेळेवर उठायची बुद्धी दे." ज्याला लागायचं त्याला लागतं, आणि उलटून बोलायची सोय नाही. एकदा मी स्वतःच प्रार्थनेत म्हणालो होतो, "प्रभू, कालवणातलं मीठ योग्य प्रमाणात ठेव." दुसऱ्या दिवशी कालवण अगदी अळणी निघालं.

त्या बुधवारी संध्याकाळी घरसभा आमच्याकडेच होती. खोली भरलेली, दारात चुडीवाली टोपली टेकवून बसलेली. बायकोची पाळी आली. तिनं पावसासाठी मागितलं, आजाऱ्यांसाठी मागितलं, अर्धापूरच्या भावांच्या केळीवर करपा पडू नये म्हणून मागितलं. आवाज संथ, एका लयीत. मी डोळे मिटून "होय प्रभू, होय प्रभू" करत होतो. मग ती फाट्यावरच्या रस्त्याकडे वळली, उसाकडे वळली, दोन पोरींकडे वळली. मन भरून आलं होतं माझं, खोटं कशाला सांगू. माझं "होय प्रभू" थांबेना.

"आणि प्रभू," ती त्याच लयीत म्हणाली, "या लेकरांसाठी मला इलेक्शनला उभं राहायचंय. माझ्या मालकांचं मन तू मोठं कर, त्यांच्या तोंडून हो म्हणव. येशूच्या नावानं मागते."

आता, आमेन मोठ्यानं म्हणायचं हे या मंडळीला मीच शिकवलेलं. आजारी कोंबडीसारखा आमेन मला खपत नाही. पाळकाचा आवाज सगळ्यांच्या वर पाहिजे. तसा तो निघाला.

"आमेन!"

दारातून चुडीवाली म्हणाली, "आमीन!" आणि मी डोळे उघडले. सगळी खोली माझ्याकडे बघत होती. बायकोचे डोळे अजून मिटलेलेच होते, पण गाल हसत होते.

केळी वाटून झाली, माणसं पांगली. मी आमच्या सगळ्यात म्हाताऱ्या पंचाला बाजूला घेतलं. गवंडी माणूस, भूकंपानंतर निम्मं गाव त्यानं बांधलेलं. म्हणालो, "मामा, तो आमेन तसा नव्हता. सवयीनं निघाला."

मामांनी केळ्याच्या सालीची शांतपणे घडी घातली आणि आत बायकोला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारलं. "हाव का? मग लग्नात म्हणलेला बी सवयीचाच का, पाळकसाहेब?"

दिलेला आमेन मागं घेता येत नाही, हे तर मी दर रविवारी सांगतो.

रात्रभर तळमळलो वगैरे काही नाही, मला झोप चांगली लागते. पण पुढचे काही दिवस मी शास्त्र उघडून बसलो. मंडळी एक, ग्रामपंचायत दुसरी, हे मला हळूहळू पटलं. झाडाखाली बसून सगळ्या राष्ट्राचा न्याय करणारी एक बाई शास्त्रात आहेच. तो भाग उपदेशाला घ्यायचा मी इतकी वर्षं टाळत होतो, बायकोनं मात्र तिथं कधीपासून मोरपीस घालून ठेवलं होतं. मी अटी घातल्या. चर्चमध्ये मत मागायचं नाही, देवाची शपथ घालायची नाही, कुणाला जेवणावळ नाही. तिनं सगळ्या मान्य केल्या. मी म्हणालो, "आणि उद्या उपदेशाला उभं राहते म्हणशील, ते जमायचं न्हाई." ती म्हणाली, "अहो, उपदेशात लोक डुलक्या काढतात. मला प्रार्थना पुरते."

तिला कपबशीचं चिन्ह मिळालं. बाया चहा देताना कपबशी जरा उंच धरायच्या आणि हसायच्या, एवढाच प्रचार. मतमोजणीच्या दिवशी मी घरात बसून रविवारची तयारी करत होतो, आणि दर पाच मिनिटांनी कुणीतरी खिडकीतून बातमी देत होतं. ती निवडून आली, मग सदस्यांनी तिलाच सरपंच केलं. गुलाल उधळला गेला. माझ्या पांढऱ्या शर्टावरही पडला, तो डाग अजून आहे, आणि रविवार सोडून मी तोच शर्ट घालतो.

खरी परीक्षा पहिल्या ग्रामसभेत झाली. समाजमंदिरात गाव जमलं. टेबल, पाण्याचा तांब्या आणि टॉवेल टाकलेली सरपंचाची खुर्ची. मी दारातून आत आलो, तसे ग्रामसेवक उठले, खुर्ची माझ्याकडे वळवली. "या साहेब, बसा. बाई सही करतील." बायको माझ्या मागे उभी होती. कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. आमच्याकडे बाई निवडून येते आणि खुर्चीत तिचा नवरा बसतो, हे इतकं अंगवळणी पडलेलं, की लोकांनी माझ्यासाठी हारसुद्धा आणला होता. जुने सरपंच म्हणाले, "बसा की पाळकसाहेब. तुमच्याच शास्त्रात हाय म्हणतात, बाईचं मस्तक पुरुष."

गंमत बघा. ज्या वचनावर मी आयुष्यभर उभा राहिलो, तेच मला खुर्ची करून पुढं ढकललं जात होतं. आणि मोह झाला नाही असं म्हणालो तर खोटं होईल. टॉवेल स्वच्छ होता, हार झेंडूचा होता.

पण कर्मठपणाचा एक फायदा असतो. ज्याच्या डोक्यावर तेल ओतलं त्यानंच राज्य करायचं, दुसऱ्याच्या अभिषेकावर आपण बसायचं नाही, हेही मी त्याच शास्त्रातून शिकलोय. मी हार घेतला आणि बायकोच्या हातात दिला. म्हणालो, "मस्तक मी घरचा. गावानं इथं हिला निवडलं. दुसऱ्याची खुर्ची घेणं म्हणजे चोरी." मग बसायला जागा शोधली. पुरुषांची बाजू भरली होती. दाराजवळ चुडीवालीच्या टोपलीशेजारी जागा होती, तिथं मांडी घातली.

बायकोनं ठराव वाचला, बस गावात यावी म्हणून. आधी घाईघाईनं, मग ती प्रार्थनेची लय सापडली. "ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करा," ती म्हणाली.

एकही हात वर गेला नाही. बाया आपापल्या नवऱ्यांकडे बघत होत्या. नवरे जुन्या सरपंचांकडे बघत होते, आणि ते माझ्याकडे. पलीकडच्या खिडकीच्या गजांना धरून दोन पोरी उभ्या होत्या. चुडीवालीनं पदर तोंडात धरला होता. आयुष्यात मी कुठल्या राजकीय सभेत तोंड उघडलं नव्हतं. हात वर केला. पण हात पुरेसा वाटेना. छाती भरून श्वास घेतला.

"आमेन!"

समाजमंदिराचे पत्रे थरथरले असतील. "आमीन!" चुडीवाली किंचाळली. मामा गवंड्यांचा हात वर गेला, मग एक बाई, मग तिचा नवरा, मग हातच हात, आणि हसण्याचा असा गलका झाला की ग्रामसेवकांना मोजता येईनात. शेवटी जुन्या सरपंचांनीही हसत हात वर केला. खुर्चीतून बायको माझ्याकडे बघत होती.

"पाळकसाहेब," ती भर सभेत म्हणाली, "हा सवयीचा का?"

"न्हाई," मी म्हणालो.

आगारात खेटे घालण्यात उन्हाळा गेला. ते सगळे तिनंच घातले, मी डबा बांधून द्यायला शिकलो. जूनमध्ये एका सकाळी लाल बस फाट्यावरून वळली आणि उसातून डुलत गावात आली. ड्रायव्हरला गंध लागलं, एका आजीनं नारळ फोडला, चुडीवालीनं दुवा मागितली. आमची मुलगी नांदेडला गेलीच नव्हती, मैत्रीण घरी बसली म्हणून तीही वर्षभर अडून बसली होती. उदगीरच्या स्थळाला नकार कळवलेला होता, आणि दोघी पोरी नव्या दप्तरांसकट बसमध्ये चढल्या. चुडीवाली मला म्हणाली, "पाद्रीसाब, अब तुमी करा."

मी डोळे मिटले. इतक्या वर्षांत लग्नं लावली, माणसं पुरली, कधी शब्द कमी पडला नव्हता. त्या सकाळी एकही फुटेना. ड्रायव्हरनं एकदा हॉर्नही वाजवला. मी डोळे न उघडताच बायकोला म्हणालो, "तू कर."

भर चौकात, पुरुषांसमोर, पाळक उभा असताना तिनं प्रार्थना केली. तिनं आजवर केलेल्या सगळ्या प्रार्थनांत ती सर्वांत छोटी होती. "प्रभू, आज जसं नेतोस तसं रोज ने, आणि रोज परत आण."

मी आमेन म्हणालो. बस सुटली. चुडीवालीची मुलगी खिडकीजवळ बसली होती आणि हात बाहेर काढून आम्हाला दाखवत होती, आईनं भरलेल्या हिरव्या बांगड्या.