टाकीवरची शेळी उतरली कशी

अर्धेकाका गेले ते गिऱ्हाइकाच्या डोक्याची डावी बाजू उरकून. उजवीकडे जायला म्हणून त्यांनी खुर्चीला वळसा घातला, कातरी हवेतच कचकच वाजली आणि स्वारी आडवी. त्यांना पोचवायला ते गिऱ्हाईक तसल्याच डोक्याने आलं. एका बाजूने सभ्य गृहस्थ, दुसऱ्या बाजूने झुडूप. रडणाऱ्या लोकांना त्याच्याकडे बघून हसू आवरेना, म्हणून सगळे तोंडात रुमाल कोंबून आणखी हमसाहमशी रडू लागले. एवढं रडणं काही काकांच्या वाट्याला येणार नव्हतं, पण आलं.

खरं तर डोकं अर्धं सोडणं हे काकांच्या धंद्यात बसत नव्हतं. बापाने खुर्ची हवाली करताना एकच गोष्ट कानात सांगितली होती, "डोकं पुरं कर, गोष्ट अपुरी ठेव. केस काय, कुणीही कापील. गोष्टीसाठी मात्र गिऱ्हाईक इथेच येईल." लेकाने ते शब्द जन्मभर पाळले. गोष्ट ऐन रंगात आली की काका पांढरं कापड फर्रकन ओढायचे, मानेवर पावडरचा भपकारा सोडायचे आणि म्हणायचे, "झालं! उरलेलं पुढच्या खेपेला." गिऱ्हाईक "अहो पण..." म्हणेपर्यंत दुसरं डोकं खुर्चीत बसलेलं असायचं.

म्हणून ते अर्धेकाका. खरं नाव बायकोच्या लक्षात होतं, पण ती काही वर्षांपूर्वीच पुढे गेली होती. जाताना म्हणाली होती, "मागून सावकाश या, घाई नाही. पण एकदा निघालात की वाटेत गप्पा मारत बसू नका. मी दाराशी उभी असेन."

त्यामुळे वर पोचल्या पोचल्या काकांनी आधी दार शोधलं. दार होतं. एका लांबलचक खोलीच्या पार त्या टोकाला. मधे बाकंच बाकं, आणि बाकांवर दाटीवाटीने माणसं, सगळी काकांकडे पाठ करून. तोंडं दिसत नव्हती, पण काकांना तोंडांचं काय करायचंय? ते दोन भोवऱ्यांचं डोकं वकिलाचं. ते मागून चपटं डोकं बँडमध्ये पिपाणी वाजवणाऱ्याचं. तो कोपऱ्यातला, उजवा कान डाव्यापेक्षा खाली लोंबणारा, तो विजेचे मीटर तपासायला यायचा तो. तो कधी बोलायचाच नाही, नुसतं "हूं" करायचा.

"अरे, ही तर सगळी आपलीच डोकी!" काका मोठ्याने म्हणाले.

सगळी डोकी गर्रकन वळली.

"आला रे आला! धरा त्याला!"

काका दोन पावलं मागे सरकले. तेवढ्यात दाराशी स्टुलावर बसलेली एक ऐसपैस बाई उठली. चष्मा कपाळावर, पदर खोचलेला.

"तुम्हीच का ते सलूनवाले?"

"हो. जरा दार उघडता का? आमच्या मंडळी पलीकडे उभ्या असतील."

"उभ्याच आहेत. रोज दार वाजवून विचारतात, आले का म्हणून. डोकं उठलंय माझं. पण आधी हे निस्तरा." बाईने बाकांवरून हात फिरवला. "दार उघडलं की माणसाने गुमान आत जावं, एवढी साधी रीत. तर हे म्हणतात, जात नाही! शेळी टाकीवरून उतरल्याशिवाय जात नाही! कुठली शेळी? कोणाची? बाकं अडवून बसलेत मेले!"

"मेलेच आहोत," पिपाणीवाला म्हणाला.

"तू गप्प बस रे. हे बघा काका, ही बाकं मोकळी होईपर्यंत तुम्हाला आत सोडायची नाही. गोष्ट संपवा आणि जा."

काकांनी जन्मात एक गोष्ट कधी संपवली नव्हती, आणि आता बायको दारापलीकडे.

शेळी खरी होती, काकांच्या मामाची. एके दिवशी ती पाण्याच्या उंच टाकीचा लोखंडी गोल जिना चढून थेट वर जाऊन उभी राहिली. इथपर्यंत खरं. पुढचं काकांनी खेपेगणिक वाढवलं होतं. खाली गाद्यांचा ढीग रचला, मामीला बांबूला पाला बांधून नाचवलं, आगीचा बंब बोलावला, निवडणुकीला उभ्या असलेल्या एका उमेदवाराकडून शेळीला सुखरूप उतरवण्याचं जाहीर आश्वासन देववलं. गिऱ्हाइकांची पोरं मोठी झाली, त्यांना टक्कल पडलं, तरी शेळी आपली टाकीवरच.

वकील उठला. "माझी तक्रार गंभीर आहे. भावाशी माझं भिंतीवरून भांडण होतं. तोंड बघत नव्हतो एकमेकांचं. तुम्ही त्याला बंब सांगितलात आणि मला गाद्या. तुकडे जुळवायला मला त्याच्या घरी जावं लागलं! त्याचा पाणचट चहा प्यावा लागला! पुढे ते दर महिन्याचंच झालं. शेवटी भिंत पाडून टाकली आम्ही."

"चुकलंच माझं," काका खाली मान घालून म्हणाले.

"आणि माझं काय?" पिपाणीवाला सरसावला. "डॉक्टरने घरच्यांना बोलावून घ्या म्हणून सांगितलं होतं. सगळे जमले, रडायला तयार. मी म्हटलं, थांबा, केस कापून येतो, शेळीचं कळायचंय. तसाच पाय ओढत पुढे किती महिने येत राहिलो! नातवंडांना पिपाणी शिकवावी लागली! शेजारी अजून शिव्या देतात."

"माफ करा हो. धंद्याची सवय."

"माफी नको, शेवट सांगा!"

काकांनी घसा खाकरला. "तर मग काय झालं... वरून आलं एक विमान..."

"हॅट्! मग गाद्या कशाला रचल्या?"

"बरं, विमान नाही. मामी पाला घेऊन स्वतःच चढली..."

"मामीचे गुडघे दुखायचे! तुम्हीच सांगितलंत, दाढीच्या वेळी!"

"शिवाय शेळीचं शिंग कठड्यात अडकलंय," मागून कोणीतरी ओरडलं. "ते आधी सोडवा!"

शिंग आपण कधी अडकवलं हेही काकांना आठवेना. पण यांना सगळं पाठ. एकेक गाठ आपणच मारलेली आणि सोडवायला आपणच असमर्थ. बाई स्टुलावर बोटं वाजवायला लागली. दारापलीकडून ओळखीचा खोकला आला.

तेव्हा कोपऱ्यातून मीटरवाला उठला. सगळी डोकी तिकडे वळली. हा माणूस बोलणार म्हणजे फळा बोलण्यासारखंच होतं.

"काका," तो म्हणाला, "रचून सांगू नका. झालं तसं सांगा."

"झालं तसं? अहो, त्यात काही दम नाही."

"असू दे."

काकांनी बंद दाराकडे पाहिलं. मग खिशातला कंगवा काढून हातात धरला, कारण रिकाम्या हाताने त्यांना बोलताच येत नसे.

"मामाने हाका मारल्या, मामीने शिव्या घातल्या. खाली माणसं गोळा झाली. कोणी काय सुचवलं, कोणी काय. शेळी कोणाकडे बघेना. मग जेवायची वेळ झाली तशी माणसं पांगली. मामा पण गेला जेवायला. आणि कोणी बघत नसताना... ती आपली उतरली. ज्या जिन्याने चढली त्याच जिन्याने. मामा हात धुऊन बाहेर आला तर ही दारात रवंथ करत बसलेली. बास. एवढंच."



"बंब?" वकिलाने विचारलं.

"नाही."

"शिंग?"

"अडकलंच नव्हतं."

"लबाडा!" पिपाणीवाला किंचाळला. "म्हणजे एका दुपारात संपलेली गोष्ट तू आम्हाला जन्मभर..."

काका मार खायच्या तयारीने डोळे मिटून उभे राहिले. पण मार आला नाही, आलं हसू. मीटरवाला हसत होता. आधी "हूं हूं" असं नाकातून, मग पोट धरून, मग बाकावर बसून.

"उतरली? आपली आपण?" डोळे पुसत त्याने विचारलं. "त्याच जिन्याने?"

"हो. का हो?"

"मी पण एकदा चढलो होतो. कचेरीच्या गच्चीवर. मीटर बघायला नाही. घरी कोणी नव्हतं. कचेरीत असून नसल्यासारखा. कठड्याशी जाऊन उभा राहिलो. आणि मनात आलं, शेळीचं राहिलंच की. उद्या तुमचं दुकान उघडं असतं, म्हटलं तेवढं ऐकून घेऊ. आलो जिन्याने खाली. दुसऱ्या दिवशी तुम्ही गाद्या रचल्यात आणि म्हणालात, उरलेलं पुढच्या खेपेला."

"मग?"

"मग काय, पुढच्या खेपेला आलो. मग त्याच्या पुढच्या. मधल्या दिवसांत लग्न झालं, मुलगी झाली. तिचा बॉयकट तुम्हीच केलात. कान कापला होता थोडा."

"ती तुमची मुलगी?" काका म्हणाले आणि मटकन बाकावर बसले.

इतकी वर्षं हे डोकं त्यांच्या हाताखालून गेलं होतं. उजवा कान खाली आहे, मानेवर तीळ आहे, मशीन लावलं की हा खांदे उडवतो, सगळं ठाऊक होतं. आत काय चाललंय ते कधी विचारलं नव्हतं. काकांनी हातातला कंगवा परत खिशात घातला. वकिलाला तेवढ्यात कळलं, की आपली तक्रार काही फारशी टिकत नाही. तो चष्मा पुसायला लागला.

"मी म्हणतो, गुडघे दुखत होते तर मामीने शिव्या घालाव्यात कशाला?" पिपाणीवाल्याने विषय काढला.

"गुडघ्यांचा आणि शिव्यांचा काय संबंध?"

"आहे तर! आमची ही..."

आणि बघता बघता सगळी मंडळी वाद घालत उठली. मामा जेवायला गेला ते बरोबर की चूक, यावरून दोन तट पडले. बाईने संधी साधून दार सताड उघडलं. वाद तसाच दारातून आत गेला, कोणाला कळलंसुद्धा नाही. मीटरवाला सर्वांत शेवटी. जाता जाता त्याने काकांच्या खांद्यावर हात ठेवला, थोपटल्यासारखं केलं आणि गेला.

बाकं मोकळी झाली. "उठा आता," बाई म्हणाली, "का तुम्हाला पण गोष्ट ऐकायचीय?"

काका उठून दारापर्यंत गेले. पलीकडे बायको उभी, कमरेवर हात.

"झाल्या का गप्पा? काय सांगितलं होतं मी? आणि ती एवढी माणसं कसली भांडत गेली? मामा जेवला म्हणून?"

काका नुसते बघत राहिले.

"अहो, बोला की! दुकानात तर तोंडाला खीळ नसायची." मग तिला त्यांचा चेहरा नीट दिसला. तिने आवाज खाली आणला. "काय झालं?"

"तो मीटरवाला होता ना," काका म्हणाले, "तो बरा आहे. त्याला मुलगी झाली. थांब, असं नाही. आधीपासून सांगतो. सगळं सांगतो."

"इथे दारात?"

"इथेच. उभ्या उभ्या."

तिने त्यांच्या खांद्यावरचे कापलेले केस झटकले, दाराच्या चौकटीला टेकली आणि म्हणाली, "सांगा."