वाळूचा हत्ती

ज्याचा कोणाला काडीचा उपयोग नाही असं काम आमच्या शेजारच्या किराणावाल्या काकांइतक्या निष्ठेनं करणारा दुसरा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात झाला नसेल. पवनारला बस थांब्याजवळ त्यांचं दुकान होतं. पण गिऱ्हाईक साखर मागत असताना काकांची नजर रस्त्यापलीकडे पडलेल्या एखाद्या पळसाच्या पानावर असायची आणि पुड्यात मीठ जायचं. दुपारी दुकान बंद करून ते धाम नदीच्या पात्रात उतरत. ओल्या वाळूचे बैल, मगरी, पागोटेवाले म्हातारे घडवत. डोळ्यांना गुंजा, मिशांना मक्याच्या कणसाचे केस, शेपटीला कपाशीच्या पऱ्हाटीची काडी. संध्याकाळी म्हशी पाण्यावर येत आणि सगळं तुडवून जात. मी हळहळलो की काका म्हणत, "काऊन तोंड पाडून राह्यला? म्हशीईनं तरी जवळून पाह्यलं. गावातलं कोनी आलं का?" कोणी येत नसे. काकू गेल्यापासून त्यांच्याशी दोन शब्द बोलणारा मीच, तोही वर्ध्याची बस चुकली तर.

नव्वदचं दशक सरत आलं होतं, तेव्हा एकदा त्यांच्या पुण्याच्या मुलानं कळवलं की दिवाळीला बायको आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन येतो. नातीला काकांनी फक्त फोटोत पाहिलं होतं. ऐन दिवाळीत त्यांनी दुकान बंद ठेवलं आणि तिला वर बसता येईल एवढा हत्ती मांडला. उन्हानं रोज त्याचा एखादा पाय ढासळे, रोज काका तो नव्यानं थापत. म्हशींच्या वेळेला स्वतः काठी घेऊन उभे राहत. इतक्या वर्षांच्या एकुलत्या एक प्रेक्षकांना हाकलताना त्यांना जरा लाजही वाटत असावी.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी दुकानातला फोन वाजला. "बरं... बरं. सुट्टी नाई तं तू तरी काय करशीन? पोरीले जपजो," एवढं बोलून काकांनी रिसीव्हर ठेवला आणि नदीची वाट धरली. मी मागोमाग गेलो. ते हत्तीच्या कानाला सागाचं नवं पान लावत होते.

"तू बस," ते म्हणाले.

"काका, मी चाळिशीचा माणूस. वजन पाहा माझं!"

"बस म्हनतो ना बापू. कोनीतरी बसाले पाह्यजे."

मी चपला काढून बसलो. हत्ती क्षणभर टिकला आणि मग माझ्यासकट हळूच खाली बसला. काका पोट धरून हसले. हसता हसता वाळूतच बसले, आणि मग बराच वेळ उठले नाहीत. मीही उठलो नाही.

पुढे त्यांना वाकवेना, तेव्हा मुलगा येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला. मध्यंतरी मी फोन केला. सगळं झकास आहे म्हणाले. नात शाळेत, मुलगा-सून कामावर.

"मग दुपारी काय करता?"

"गॅलरीत बसतो." मग त्यांनीच विचारलं, "धामले पानी किती हाये?"

वर्षभरात मी नदीकडे फिरकलोही नव्हतो. "गुडघाभर," मी म्हणालो.

"हां!" काका खूश झाले. "मंग काठची वाळू मस्त ओली असन."